पिझ्झा लहान घ्यावा की मोठा? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

पिझ्झ्याचा आकार आणि त्याची किंमत यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. दर वाचकांनी लिहिले तेच ठेवले आहेत. तुमच्या गावात ते वेगळे असतील, पण हिशेबाची रीत बदलणार नाही.

प्रश्न : आमच्या इथल्या दुकानात ७ इंची पिझ्झा १९९ रुपयांना, १० इंची ३९९ ला आणि १३ इंची ५९९ ला मिळतो. १० इंची हा ७ इंचीच्या जेमतेम दीडपट, आणि किंमत मात्र दुप्पट. म्हणजे लहानच परवडला ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. पिझ्झ्याचं माप व्यासात सांगतात, पण ताटात येतं ते क्षेत्रफळ, आणि ते व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ७ चा वर्ग ४९, १० चा १००. म्हणजे १० इंची पिझ्झा ७ इंचीच्या दुपटीहून किंचित जास्तच भरतो. १३ चा वर्ग १६९, तो ७ इंचीच्या जवळजवळ साडेतीन पट.

तुलनेसाठी पाय म्हणजे ३.१४ चा गुणाकार करायची गरज नाही. तो सगळ्या आकारांना सारखाच लागतो, त्यामुळे गाळला तरी क्रम बदलत नाही. किंमत घ्या आणि व्यासाच्या वर्गाने भागा. तुमच्या दुकानात १९९ भागिले ४९ म्हणजे ४ रुपये ६ पैसे, ३९९ भागिले १०० म्हणजे ३ रुपये ९९ पैसे, आणि ५९९ भागिले १६९ म्हणजे ३ रुपये ५४ पैसे. ज्याचा आकडा सर्वांत लहान तो स्वस्त. (प्रत्यक्ष चौरस इंच हवे असतील तर वर्गाला ०.७८५ ने गुणा : ७ इंचीचे ३८.५, १० इंचीचे ७८.५, १३ इंचीचे १३२.७.)

तेव्हा या दुकानात ७ की १० हे ठरवताना पैशाचा विचार सोडून द्या, दोन्ही सारखेच पडतात. भूक किती आहे एवढंच बघा. १३ इंची मात्र लहानापेक्षा सुमारे १३ टक्के स्वस्त आहे.

मेन्यू हातात असताना लक्षात ठेवायला तीन आकडे पुरतात. १० इंचीची किंमत ७ इंचीच्या दुपटीपेक्षा फारशी जास्त नसावी. १२ इंचीची किंमत १० इंचीच्या १.४४ पटीच्या आत असावी आणि १३ इंचीची १.६९ पटीच्या आत. त्याहून जास्त मागत असतील तर मोठा पिझ्झा महाग पडतोय.

असं क्वचितच होतं, आणि त्याला कारण आहे. गोळा थापणं, खोका, काउंटरवरचा माणूस, दुकानाचं भाडं हा खर्च पिझ्झ्यामागे जवळजवळ ठरलेला असतो. आकाराबरोबर वाढतं ते फक्त सामान. म्हणून मोठ्या पिझ्झ्याला दुकानदार दर चौरस इंचामागे कमी लावू शकतो. अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओने २०१४ मध्ये तिथल्या ३,६७८ दुकानांतले ७४,४७६ दर तपासले होते. त्यातही मोठाच पिझ्झा स्वस्त पडतो असंच दिसलं.

प्रश्न : हॉस्टेलवर आम्ही चौघी मिळून मागवतो. कधी ‘दोन मीडियम ५९९ मध्ये’ अशी ऑफर असते, तेव्हा लार्जही ५९९ लाच असतो. मीडियम १० इंची, लार्ज १३ इंची. काय घ्यावं? आणि कॅल्क्युलेटर न काढता कळायची काही युक्ती आहे का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : दोन मीडियम घ्या. त्यांचे वर्ग १०० अधिक १००, म्हणजे २००. लार्जचा १६९. त्याच पैशात १८ टक्के पिझ्झा जास्त मिळतो, शिवाय दोन वेगळ्या चवी घेता येतात. ऑफर नसताना, नाशिकच्या दराने, दोन मीडियम ७९८ ला पडतात, तेव्हा अर्थातच लार्ज.

युक्ती आहे, आणि ती शाळेतल्या पायथागोरसच्या प्रमेयाची आहे. दोन लहान पिझ्झ्यांचे व्यास काटकोनात मांडले असं समजा. त्यांची मोकळी टोकं जोडणारी तिरकी रेघ मोठ्या पिझ्झ्याच्या व्यासापेक्षा लांब भरली तर दोन लहान मिळून जास्त, आखूड भरली तर मोठा एकटाच जास्त. दुकानात रिकामे खोके रचलेले असतात. दोन खोक्यांच्या कडा काटकोनात धरून बघितल्या तरी अंदाज येतो.

काही जोड्या तोंडपाठ करण्यासारख्या आहेत. ६ इंची आणि ८ इंची मिळून बरोबर १० इंची होतो. १२ इंची आणि ५ इंची मिळून बरोबर १३ इंची. दोन ७ इंची म्हणजे एक १० इंची, किंचित कमी. दोन ९ इंची म्हणजे एक १३ इंची, तेही थोडंसं कमी. आणि दोन १० इंची म्हणजे एका १४ इंचीपेक्षा जरासं जास्त.

प्रश्न : अ‍ॅपवरून मागवताना वरचे आकडे धरूनही माझा हिशेब जुळत नाही. कूपन, पॅकिंग, डिलिव्हरी, जीएसटी असं सगळं मिळून शेवटी मोठा पिझ्झा स्वस्त राहतो का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मेन्यूवरचा दर बाजूला ठेवा आणि पैसे भरण्याच्या पानावरची शेवटची रक्कम वर्गाने भागा. बिलातली प्रत्येक रक्कम वेगळ्या रीतीने वागते.

रेस्टॉरंटच्या जेवणावरचा ५ टक्के जीएसटी सगळ्या पिझ्झ्यांना सारख्याच प्रमाणात लागतो, त्यामुळे कोण स्वस्त हा क्रम बदलत नाही. पॅकिंग, डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म शुल्क मात्र ठोक असतं, पिझ्झा लहान असो की मोठा. ते मिळून ६० रुपये धरा. आता ७ इंची ४९ वर २५९ रुपये, म्हणजे ५ रुपये २९ पैसे. १० इंची ४ रुपये ५९ पैसे. १३ इंची ३ रुपये ९० पैसे. दुकानात ७ आणि १० इंची सारखे पडत होते, घरपोच मागवल्यावर ७ इंची बराच महाग झाला.

कूपन नेमकं उलट्या दिशेने ओढतं. ‘५० टक्के सूट, कमाल १०० रुपये’ हे कूपन घ्या. ७ इंचीवर खरोखर निम्मे म्हणजे साडेनव्व्याण्णव रुपये सुटतात. १० आणि १३ इंचीवर मात्र १०० रुपयांवर सूट थांबते. ठोक शुल्क नसेल तर दर असे येतात : ७ इंची २ रुपये ३ पैसे, १० इंची २ रुपये ९९ पैसे, १३ इंची २ रुपये ९५ पैसे. लहान पिझ्झा एकदम सर्वांत स्वस्त! ठोक ६० रुपये पुन्हा मिळवले की ३.२६, ३.५९ आणि ३.३१. म्हणजे लहान आणि मोठा जवळजवळ बरोबरीत, आणि मधला सर्वांत महाग.

म्हणून ज्यांनी डिलिव्हरी फुकट देणारी सदस्यता घेतली आहे आणि हातात मर्यादेचं कूपन आहे, त्यांनी लहान पिझ्झा घ्यायला काहीच हरकत नाही. एकच अट नीट वाचा, ती किमान ऑर्डरची. २४९ ची अट असेल तर १९९ चा पिझ्झा तिच्यात बसत नाही. अशा वेळी दोन ७ इंची घेतले तर ३९८ वजा १००, म्हणजे २९८ भागिले ९८, दर ३ रुपये ४ पैसे. तोही वाईट नाही. पण अट पुरी करण्यासाठी गार्लिक ब्रेड मिळवलात तर त्याचे पैसे पिझ्झ्याच्याच खात्यात धरा, नाहीतर सूट कागदावरच राहते.

दुकानात बसून खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवाशुल्क बिलात आपोआप लावता येत नाही. लावलेलं दिसलं तर काढायला सांगा.

प्रश्न : मुलं कडा खात नाहीत, त्या ताटातच राहतात. याचा हिशेबावर काही परिणाम होतो का?
– एक गृहिणी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : होतो, आणि बहुतेकांना वाटतो त्याहून खूप मोठा. पिझ्झा लहान असो की मोठा, टॉपिंग नसलेली कडेची पट्टी साधारण तेवढ्याच रुंदीची राहते. ती पाऊण इंच धरली तर व्यासातून दोन्ही बाजूंची मिळून दीड इंच वजा करायची. ७ इंचीचा टॉपिंगचा भाग साडेपाच इंची उरतो. त्याचा वर्ग ३०.२५, म्हणजे पिझ्झ्याचा ३८ टक्के भाग नुसता पाव! १० इंचीत कडेचा वाटा २८ टक्के, १३ इंचीत २२ टक्के.

नाशिकच्या वाचकांचे दर या उरलेल्या भागावर लावले तर ७ इंची ६ रुपये ५८ पैसे, १० इंची ५ रुपये ५२ पैसे, १३ इंची ४ रुपये ५३ पैसे. कडा टाकून देणाऱ्या घरात लहान पिझ्झा मोठ्यापेक्षा ४५ टक्के महाग पडतो. तेव्हा तुमच्याकडे मोठाच मागवा. लहानच हवा असेल तर थिन क्रस्ट सांगा. त्यात टॉपिंग कडेपासून सेंटिमीटरभर अंतरापर्यंत जातं आणि ७ इंचीतही कडेचा वाटा २१ टक्क्यांच्या आसपास येतो. उरलेल्या कडांचे तुकडे तव्यावर थेंबभर तेल टाकून कडक करून ठेवले तर टोमॅटो सूपमध्ये उत्तम लागतात.

प्रश्न : १० इंची म्हणून आलेला पिझ्झा लहान वाटतो. खात्री कशी करायची?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खोका मोजू नका, त्यात पिझ्झ्याभोवती जागा सोडलेली असते. पिझ्झाच मोजा, कडेपासून कडेपर्यंत, मध्यातून. मग पट्टी काटकोनात फिरवून पुन्हा मोजा आणि दोन्हींची सरासरी घ्या, कारण हाताने ताणलेला पिझ्झा अगदी गोल नसतो. ७ इंच म्हणजे १७.८ सेंटिमीटर, १० इंच म्हणजे २५.४, १२ इंच म्हणजे ३०.५ आणि १३ इंच म्हणजे ३३. पट्टी नसेल तर ए-४ कागद चालतो. त्याची लांब बाजू २९.७ सेंटिमीटर आणि आखूड २१. १० इंची पिझ्झा आखूड बाजूच्या साडेचार सेंटिमीटर बाहेर यायला हवा.

भाजताना कणीक थोडी आकसते. गोळा पुरेसा मुरला नसेल किंवा फ्रिजमधून काढून लगेच ताणला असेल तर जास्तच आकसते. त्यामुळे पाव इंचाचा फरक आला तर भांडू नका. अर्ध्या इंचाचा फरक मात्र डोळ्याला दिसतो त्याहून मोठा असतो : साडेनऊ इंचाचा वर्ग ९०.२५, म्हणजे जवळजवळ १० टक्के पिझ्झा कमी. पूर्ण एक इंच कमी असेल तर १९ टक्के गेले. कापलेला पिझ्झा खायच्या आधी पट्टी ठेवून फोटो काढा आणि दुकानाला किंवा अ‍ॅपला तो पाठवा. दुकानाने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मेन्यूवरचं माप भाजण्याआधीचं की नंतरचं हे आधीच विचारलेलं बरं. तव्यात म्हणजे पॅनमध्ये भाजलेल्या पिझ्झ्याचं माप सहसा बरोबर भरतं, कारण कणकेला आकसायला जागाच नसते.

प्रश्न : मीडियममध्येही ८ स्लाइस आणि लार्जमध्येही ८. मग लार्जला जास्त पैसे का द्यायचे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : स्लाइस किती हे फक्त कापणाऱ्यावर ठरतं. १० इंचीचे आठ केले तर एक तुकडा ९.८ चौरस इंचांचा, १३ इंचीचे आठ केले तर १६.६ चा. ‘८ स्लाइस फक्त अमुक रुपयांत’ अशी जाहिरात दिसली की व्यास विचारा. तो सांगत नसतील तर तुलना करू नका.

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसाला वीस मुलं येणार आहेत, आठ-नऊ वर्षांची. केक, वेफर्स आणि सरबत आहेच. पिझ्झे किती मागवू? दोन मुलं जैन कुटुंबातली आहेत.
– एक आई, डोंबिवली

उत्तर : बरोबर इतर खाणं असेल तेव्हा या वयाच्या मुलाला २० चौरस इंच पुरतात, म्हणजे ७ इंची पिझ्झ्याचा अर्धा. वीस मुलांना ४०० चौरस इंच. तीन १३ इंचींचे ३९८ होतात, पाच १० इंचींचे ३९३ आणि दहा ७ इंचींचे ३८५. नाशिकच्याच दराने तीन लार्ज १,७९७ रुपये, पाच मीडियम १,९९५ आणि दहा लहान १,९९०. लार्ज घेतल्याने जवळजवळ दोनशे रुपये वाचतात आणि मुलं टाकतात त्या कडाही कमी येतात.

लार्जचे बारा तुकडे करून मागा. आठ केले तर एक तुकडा लहान हातात धरवत नाही, टोक खाली लोंबतं आणि चीज सतरंजीवर. चव मात्र एकच ठेवू नका. दोन साधे चीजचे आणि एक भाज्यांचा, हे या वयाला सहसा जमतं.

जैन मुलांसाठी अर्धा-अर्धा पिझ्झा मागवू नका. सॉस एकच असतो, कटर एकच फिरतो, आणि कांदा-लसूण दुसऱ्या अर्ध्यात जातोच. नेहमीच्या पिझ्झा सॉसमध्ये लसूण असतो, म्हणून वरून नुसता कांदा काढायला सांगून भागत नाही. ‘जैन’ असं स्पष्ट लिहिलेला एक ७ इंची वेगळा घ्या. तो दोघांना पुरेल. दर चौरस इंचाला महाग पडला तरी इथे तोच योग्य.

प्रश्न : घरी ओटीजीमध्ये करते. ७ इंचीच्या कृतीवरून १० आणि १२ इंची केला की बेस फाटतो किंवा पापडासारखा होतो. प्रमाण कसं वाढवायचं? आणि घरी लहान तीन करावेत की मोठा एक?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही बहुधा सामान व्यासाच्या प्रमाणात वाढवत आहात. ७ चे १० झाले म्हणून दीडपट सामान घेतलं की गोळा कमी पडतो, तो ताणून १० इंचांपर्यंत नेला की मध्ये विरळ होतो, आणि सॉसचं वजन पडलं की फाटतो. इथेही वर्गच लागतो.

पातळ पण मऊ बेससाठी दर चौरस इंचाला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास कणीक धरा. म्हणजे ७ इंचीला ८५ ग्रॅमचा गोळा, ८ इंचीला ११०, १० इंचीला १७५ आणि १२ इंचीला २५०. मैदा १५० ग्रॅम, पाणी ९५ मिली, मीठ ३ ग्रॅम आणि इन्स्टंट यीस्ट १ ग्रॅम (चहाच्या चमच्याचा एक तृतीयांश) एवढ्यात २५० ग्रॅमचा गोळा होतो. आठ-दहा मिनिटं मळा, झाकून दीड ते दोन तास फुगू द्या, गोळा वळून आणखी वीस मिनिटं तसाच ठेवा. ही शेवटची वीस मिनिटं चुकवली की कणीक ताणल्यावर परत आत येते आणि १० इंची पिझ्झा ९ इंची होतो. सॉस आणि चीजही वर्गानेच वाढवा : १२ इंचीला ८५ ग्रॅम सॉस आणि १५० ग्रॅम चीज, १० इंचीला ६० आणि १०५, ७ इंचीला ३० आणि ५०. सिमला मिरची आणि टोमॅटोच्या बिया, गर काढून टाका. मोठ्या पिझ्झ्यावर भाज्या जास्त म्हणून पाणीही जास्त सुटतं, आणि ते मध्याकडे साचून तिथला बेस कच्चा राहतो.

२५० ग्रॅम कणकेत एक १२ इंची होतो किंवा तीन ७ इंची. १२ चा वर्ग १४४, आणि तीन वेळा ४९ म्हणजे १४७. सामान तेच, फरक फक्त विजेचा आणि वेळेचा. ओटीजी २५० अंशांवर वीस मिनिटं आधी तापवावाच लागतो. १५०० वॉटचा ओटीजी सलग वीस मिनिटं चालला तर अर्धा युनिट वीज जाते. त्यानंतर १२ इंची दहा-बारा मिनिटांत होतो, तीन ७ इंची एकामागून एक केले तर चोवीस मिनिटांच्या आसपास लागतात.

पण १२ इंची ठरवण्याआधी ट्रेची आतली आखूड बाजू मोजा. गोल पिझ्झ्याला तीच लागू होते, लांब बाजू कितीही असो. सर्व बाजूंनी किमान एक इंच मोकळा हवा, नाहीतर कडा भिंतीजवळच्या कडक उष्णतेने करपतात आणि मध्य पांढरा राहतो. मध्यम आकाराच्या बऱ्याच ओटीजींमध्ये १० इंचीच नीट भाजला जातो. तिथे १२ चा हट्ट धरू नका.

प्रश्न : त्याच १० इंचीत थिन क्रस्ट, पॅन आणि चीज बर्स्ट असे तीन दर. हे तिघे कसे तोलायचे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : इथे व्यासाचा वर्ग निरुपयोगी आहे, कारण जाडी बदलते. वजन बघा. थिन क्रस्टच्या १० इंचीत साधारण १६५ ग्रॅम कणीक असते, जाड पॅनमध्ये २७५ पर्यंत. जास्तीच्या ११० ग्रॅममध्ये मैदा सुमारे ६५ ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांच्या आतला. जाड बेसला पन्नास-साठ रुपये जास्त घेत असतील तर ते पोट भरण्याचे आहेत, चीजचे नाहीत. चीज बर्स्टच्या आत बऱ्याचदा मोझरेला नसून पातळ चीज सॉस असतो. आवडत असेल तर जरूर घ्या, पण जास्त चीज मिळतं या हिशेबाने घेऊ नका.

वजन शोधायला फार लांब जावं लागत नाही. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांनी मेन्यूवर दर सर्व्हिंगमागे किती कॅलरी आणि सर्व्हिंग केवढं ते छापायचं असतं. सर्व्हिंगचं वजन गुणिले पिझ्झ्यातली सर्व्हिंग्ज म्हणजे पूर्ण पिझ्झ्याचं वजन. किंमत त्याने भागली की दर ग्रॅमचा भाव आला. मात्र भाज्यांचा आणि पनीरचा पिझ्झा असे एकमेकांशी तोलू नका. मका आणि टोमॅटोच्या पाण्याचंही वजन होतं.

प्रश्न : इथे एका बेकरीत चौकोनी पिझ्झा मिळतो, १० बाय १०. तो गोल १० इंचीएवढाच ना?
– एक वाचक, पणजी

उत्तर : चौकोनी बराच मोठा. त्याचे १०० चौरस इंच, गोलाचे साडेअठ्ठ्याहत्तर. १० चा चौकोन म्हणजे ११.३ इंची गोल. त्याची किंमत १० इंची गोलाच्या सव्वापटीपर्यंत असली तरी चौकोनी घ्या.

प्रश्न : इकडे १४ इंची पिझ्झा १६ डॉलरला आणि १८ इंची २२ डॉलरला आहे. सुट्या स्लाइसही मिळतात. एकट्याला काय परवडेल?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : १४ चा वर्ग १९६, १८ चा ३२४. दर ८.२ सेंट आणि ६.८ सेंट, म्हणजे अख्खा घ्यायचा तर १८ इंची. न्यूयॉर्क पद्धतीची सुटी स्लाइस बहुधा १८ इंचीचा आठवा भाग असते, सुमारे ३२ चौरस इंच. भारतातल्या ७ इंची पिझ्झ्याच्या पाच षष्ठांशाहून किंचित कमी. अख्ख्या १८ इंचीच्या दराने ती २ डॉलर ७५ सेंटला पडते. दुकान तीन ते साडेतीन डॉलर घेत असेल तर एकट्या माणसाने सुटी घेणंच शहाणपणाचं.

प्रश्न : मी एकटाच राहतो. स्वस्त म्हणून लार्ज घेतो आणि दोन-तीन तुकडे उरतात. तरीही फायदाच ना?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : उरलेले खाल्ले तर हो. टाकले तर नाही, आणि फायदा संपायला फारसं टाकावंही लागत नाही. नाशिकच्या दरांत १३ इंची ३ रुपये ५४ पैशांना होता, ७ इंची ४ रुपये ६ पैशांना. आठातला एकच तुकडा फेकला तर १६९ चे १४८ उरतात, आणि ५९९ भागिले १४८ म्हणजे ४ रुपये ५ पैसे. एका तुकड्यात फायदा संपला. दोन फेकले की ४ रुपये ७३ पैसे, म्हणजे लहानापेक्षाही महाग.

म्हणून उरणार हे माहीत असेल तर खाण्याआधीच बाजूला काढा. दोन तासांच्या आत घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून फ्रिजमध्ये ठेवा. खोक्यासकट ठेवू नका, पुठ्ठा ओलावा शोषतो आणि बेस वातड होतो. दोन दिवसांत संपवा. गरम करताना जाड तवा मंद आचेवर ठेवा, तुकडा पाच मिनिटं, आणि शेवटच्या मिनिटाला तव्याच्या कडेला पाण्याचे चार थेंब टाकून झाकण घाला. खालून कुरकुरीत होतो, वरचं चीज वाफेवर वितळतं. मायक्रोवेव्हमध्ये बेस चिवट होतो, आणि मग तो तुकडा टाकला जातोच.

प्रश्न : दुकानदाराने मध्य सोडून भलतीकडेच कापलं, सगळे आठ तुकडे लहानमोठे. दोघा भावांत सारखे कसे वाटायचे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चारही काप एकाच बिंदूतून गेले असतील आणि लगतच्या कापांमधले कोन सारखे, म्हणजे ४५ अंशांचे असतील, तर एकाआड एक तुकडा घ्या. एकाने पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा घ्यायचा, दुसऱ्याने मधले चार. काप जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू मध्यापासून कितीही दूर असला तरी दोघांचं क्षेत्रफळ बरोबर सारखं येतं. गणितात याला पिझ्झा प्रमेयच म्हणतात, १९६० च्या दशकात ते गणिताच्या नियतकालिकात मांडून सिद्ध केलं गेलं. सहा तुकड्यांच्या पिझ्झ्याला ते लागू पडत नाही. तिथे स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा.